देवी व्हिएतनामात, फोडणी बंद पनवेलला

शनिवार, १५ फेब्रुवारी
पनवेल

रंभाताई,

पाकीट मुश्ताकभाईंच्या टेम्पोतून आलं, म्हणजे माझ्या मैत्रिणीने, हुस्नबानोने, दुकानातले ब्लाऊजपीस पाठवले असतील असं समजून तुम्ही ते फोडलं असणार. फोडलंच आहे तर चुलीत टाकायच्या आधी निदान पहिलं पान वाचा. मी मनिषा, तुमच्या भावाची बायको. तुमच्या भावाला या पत्राचा पत्ता नाही आणि तो लागूही द्यायचा नाही.

पाच वर्षांपूर्वी आमच्या वास्तुशांतीच्या मांडवातून उठताना तुम्ही म्हणाला होतात, "या घराशी पुन्ना बोलाची नाय." तेव्हापासून घरातला एकही नंबर तुम्ही उचलत नाही. मी वीस वर्षं बालवाडीत मुलांना शिकवलंय, शब्दाचा कीस पाडायची सवय जात नाही. पत्र वाचणं म्हणजे काही बोलणं नव्हे. तेव्हा तुमची शपथ शाबूत आहे, पुढे वाचा.

आमच्या हरेशचं लग्न ठरलंय. पुढच्या शनिवारी हळद, रविवारी लग्न. मुलगी कामोठ्याची, बँकेत आहे, हसरी आहे, आणि हरेशला एका वाक्यात गप्प करते. मला तेवढं पुरे. पत्रिका तुमच्याकडे पाठवली होती, ती तशीच परत आली. तुमचे बंधू ती हातात घेऊन म्हणाले, "नाय तं नाय. आपल्याकडं डीजे हाय." त्या दिवशी त्यांच्या रेतीच्या धंद्यातल्या प्रत्येक ट्रकवाल्याने काही कारण नसताना शिव्या खाल्ल्या.

चूक तुमची नव्हती, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. पनवेल-उरणात हळदीचे धवले गावेत तर तुम्हीच. वास्तुशांतीलाही तुम्ही एकेका देवाला गाण्यातून आवतण देताय आणि सख्खा भाऊ माईकवरून सांगतो, "ताय, जरा आवरतं घे, पुढारी आलेत!" तुमच्या जागी मी असते तर जाताना माईकही घेऊन गेले असते.

बाकी घरचं सगळं ठीक. आमची मनस्वी कॉलेजच्या सहलीबरोबर व्हिएतनामला गेली आहे. ती पर्यटनाचा कोर्स करते ना, त्यात परदेशची एक सहल असते. हुस्नबानोची सायमाही बरोबर आहे. मनस्वीच्या बॅगेत मी सुक्या जवळ्याची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या भरल्या, तर म्हणाली, "आई, विमानातली माणसं पळून जातील." तरी घेऊन गेली. मंगळवारी परत येतेय. तिकडे दोन-चार मुलांना बारीक ताप आहे म्हणे. हवापालट, दुसरं काय.

तुम्हाला एक विचारायचं होतं. आमच्या एका शेजारणीची मुलगी परगावी आहे. तिच्या अंगावर, समजा, कांजिण्या उठल्या. आपल्याकडे देवी आली की घरात फोडणी द्यायची नाही, मासळी-मटण नाही, वाजंत्री नाही, हे मला ठाऊक आहे. पण मुलगी तिकडे आणि घर इकडे असेल तर नेम कुठे पाळायचा? तिच्याकडे लग्नबिग्न काही नाही हो. सहज विचारत होती बिचारी.

तुमची,
मनिषा


सोमवार, १७ फेब्रुवारी

रंभाताई,

मुश्ताकभाई काल तुमचा निरोप घेऊन आले. लाजत लाजत म्हणाले, "भाभी, उन्होंने बोला वैसाच बोलता हूँ. त्या शेजारनीला सांग, खोटं बोलाला पन अक्कल लागते." शेजारणीला सांगितलं. तिने मान खाली घातली आहे आणि आता खरं लिहिते आहे.

मनस्वीला देवी आली आहे. शुक्रवारी सकाळी कपाळावर दोन फोड दिसले, संध्याकाळपर्यंत पाठ भरली. ती एकटी नाही. कॉलेजात गेल्या महिन्याअखेरीस गॅदरिंग झालं, सगळी मुलं एकाच खोलीत कोंबून नाचाची तालीम करत होती, तिथूनच ते सगळ्यांच्या अंगात बसून गेलं असणार. विमानात चढताना सगळे ठणठणीत, आणि तिकडे उतरून तीन दिवस होतात न होतात तो एकामागून एक फुलायला लागले. निम्म्याहून जास्त मुलं आडवी आहेत. हॉटेलवाल्यांनी त्यांना वरचा एक मजला वेगळा दिलाय. बरोबर गेलेल्या सरांना लहानपणी कांजिण्या झाल्याच नव्हत्या. ते स्वतःच्या खोलीचं दार लावून बसलेत आणि हजेरी फटीतून घेतात. मनस्वी म्हणते, "आई, सर फक्त आवाज म्हणून शिल्लक आहेत."

सायमाला दुसरीत असताना येऊन गेल्या आहेत, म्हणून ती बिनधास्त मनस्वीजवळ राहते. तिचं औषध तीच बघते. हुस्नबानो रोज दुकान उघडताना दोघींसाठी दुआ मागते, मी इकडे गावदेवीला हात जोडते. दोघींचं काम दोन्हीकडून चालू आहे. डॉक्टरांच्या गोळ्याही चालू आहेत. डॉक्टरचं डॉक्टरला, देवीचं देवीला.

आणि गंमत ऐका. हॉटेलची मालकीण आजारी मुलांना सकाळ-संध्याकाळ तांदळाची पेज देते. फोडणी नाही, तिखट नाही, वर नुसतं मीठ. एरवी भाजीत मिरची कमी पडली तर ताट सरकवणारी माझी लेक मुकाट्याने पेज पिते. त्या बाईला देवीचा नेम कोणी सांगितला असेल? मला तिला एकदा भेटायचं आहे.

ताई, माझं दुखणं वेगळंच आहे. फोड सुकून खपल्या धरल्याशिवाय तिला विमानात घेत नाहीत, डॉक्टरचा कागद लागतो. म्हणजे आणखी आठवडा तर जाणारच. आणि हळद शनिवारी. आपल्या घरात नवऱ्या मुलाला पहिली हळद बहीण लावते. हरेशला एकच बहीण आहे. ती तिकडे परक्या मुलखात खाजवायचं नाही म्हणून हाताला मोजे घालून बसलेली असताना इथे दुसऱ्याच कोणीतरी त्याच्या गालाला हळद लावायची, हे मला बघवणार नाही. सरळ लिहिते, मला माझी पोर हळदीला हवी आहे. लग्न पुढे गेलं तर जाऊ दे.

पण हे मी कोणाला सांगू? यांना फक्त "ताप आहे" एवढंच माहीत आहे. आणि गावात कळलं तर उद्या कोणीतरी म्हणेल, नवरीचा पायगुण, घरात यायच्या आधीच देवी आणली. एकदा असलं बोट लागलं की त्या पोरीला जन्मभर पुसता येत नाही. तिने आमचं काय घोडं मारलंय?

म्हणून मी कोणालाही न सांगता माझ्यापुरता नेम धरलाय. शुक्रवारपासून घरात फोडणी नाही, बोंबील नाही, सुकट नाही. कडुनिंबाचा डहाळा फ्रीजच्या मागे लपवलाय. लग्नाचं घर आणि ताटात उकडलेली डाळ! तुमच्या भावाने पहिल्या दिवशी "पोट बिघडलंय का?" विचारलं. दुसऱ्या दिवशी "कुठल्या बुवाकडं गेली होतीस?" विचारलं. आज ताट पुढे ओढून ओरडले, "अगो, हे डाल हाय का न्हाणीतलं पानी हाय?" हरेश तर बाहेर जेवून येतो आणि घरी उपाशी असल्याचं सोंग करतो. त्याच्या शर्टाला तंदुरीचा वास येतो, मी काही बोलत नाही.

हरेशला सहाव्या वर्षी देवी आली तेव्हा तुम्हीच निंबाचा डहाळा घेऊन त्याच्या उशाशी बसला होतात. तुमचा शब्द सगळं गाव मानतं. नेम काय सांगतो, तेवढं कळवा.

मनिषा


बुधवार, १९ फेब्रुवारी

रंभाताई,

दोन दिवसांत एवढं झालंय की कुठून सुरू करू कळत नाही. तुमचं उत्तर नाही, तरी लिहिते.

काल दुपारी विहीणबाई, दमयंतीबाई, न सांगता आल्या. बरोबर त्यांचे दीर आणि नात्यातले एक काका. "सहज इकडून चाललो होतो" म्हणाल्या. हळदीला चार दिवस राहिले असताना कोणी सहज कुठून जात नाही. मी पोहे केले, तेही बिनफोडणीचे, वर खोबरं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग काका हरेशला म्हणाले, "जावईबापू, जरा उजेडात या बघू." हरेश बिचारा खिडकीपाशी गेला, तर काकांनी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघितलं. मग जीभ बाहेर काढायला सांगितली. मग नखं.

हरेश जीभ बाहेर काढूनच माझ्याकडे बघत होता.

नंतर लक्षात आलं. गावात बोभाटा झालाय, जगनशेठकडे तेल-तिखट बंद आहे. ऐन लग्नात तेल-तिखट कोणाचं बंद असतं? ज्याला कावीळ झाली त्याचं! आपल्या लोकांनी एवढं गणित पाच मिनिटांत सोडवलं. डोळे पांढरेशुभ्र निघाले तेव्हा काकांचं तोंड उलट जरा उतरलं, असं मला वाटलं. ते का उतरावं, तेवढं मात्र कळलं नाही.

ते गेल्यावर तुमच्या भावाने मला समोर बसवलं आणि नेमका त्याच वेळी मनस्वीचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन पालथा घालायच्या आत त्यांनी उचलला. अंगठ्याने काच पुसली. म्हणाले, "हुस्नबानोच्या पोरीला सांग, कॅमेरा पूस. ठिपके दिसतान." तिकडून मनस्वी म्हणाली, "पप्पा, कॅमेरा साफ आहे."

मग काय, ओरडले. माझ्यावर, कॉलेजवर, व्हिएतनामवर. मी सगळं सांगून टाकलं, नवरीच्या पायगुणाची भीतीसुद्धा. ते खाली जाऊन रेतीच्या ढिगावर बसून राहिले. वर आले तेव्हा डोळे लाल होते, पण तोंडाने म्हणाले, "लगीन पुढं नाय जायाचं. हॉल ठरलाय, दोन हजार मानसांना आवतान गेलंय. आपण मोठा पडदा लावू. पोर तिकडून पडद्यावर हात करंल, इकडं कोनीतरी हळद लावंल." आणि लगेच फोन करून बारा फुटी स्क्रीन सांगून मोकळे झाले. तुमच्या भावाला प्रत्येक दुःखावर काहीतरी भाड्याने मिळतं.

मनस्वीला विचारलं तर ती हसून म्हणाली, "चालेल ना आई, मस्त आयडिया आहे. कोणाच्या करवलीचं तोंड बारा फुटी असतं?" आणि मग नेटवर्क गेलं म्हणून कॅमेरा बंद केला. नेटवर्क गेलं नव्हतं, ताई. सायमाचा आवाज मला स्पष्ट येत होता. ती म्हणत होती, "रडू नको यार, खपली निघेल."

हॉल, पुढारी, दोन हजार माणसं, यांच्यापुढे माझं कोण ऐकतंय? तुमचं ऐकतील. तुमच्यावर रागावलेत म्हणूनच ऐकतील.

मनिषा


गुरुवार, २० फेब्रुवारी

मनिषा,

तुझी तिन्ही पत्रं पोचली. अक्षर चांगलं हाय. अक्कल मधे मधे जाते.

आता नीट आयक. देवी घर बघून येत नाय, लेकरू बघून येते. लेकरू जिथलं, देवीचा पाट तिथला. मनस्वी आपल्या घरची हाय. ती व्हिएतनामात असो नाय तर चंद्रावर, तिच्या अंगावर देवी हाय तवर आपल्या घरात हळद कुटाची नाय, तेल चढवाचा नाय, मटनाचा टोप चुलीवर ठेवाचा नाय. पोर घरी येल, निंबाच्या पान्यानं न्हाईल, गावदेवीला दहीभात जाईल, मंग हळद. हे मी माझ्या पदरचं नाय सांगत. माझी सासू सांगायची, तिला तिची सासू सांगायची.

नवरीच्या पायगुनाचं कोनी बोललं तर त्याला माझ्याकडं पाठव. मी बघतंय त्याच्या पायांकडं.

तो टीव्हीचा पडदा परत दे. पडद्यातल्या हातानं हळद लागत नाय. जगनला मी हळद लावली तवा त्याचा गाल धरून लावली. लय हलत होता.

हे जगनला मोठ्यानं वाचून दाखव. दोनदा.

रंभा


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

रंभाताई,

दोनदा नाही, चारदा वाचलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हणाले, "पाच वर्सं तोंड नाय दाखवलं आनि आता हुकूम सोडते?" दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा खुर्ची जवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "ते गालाचं परत वाच." वाचलं. "लय हलत होता, असं लिवलंय?" म्हटलं, असंच लिहिलंय. "मंग हलनारच ना, गुदगुल्या करत होती ती." आणि चौथ्यांदा स्वतः वाचलं, चष्मा लावून, ओठ हलवत. त्यानंतर स्क्रीनवाल्याला फोन केला. मग हॉलवाल्याला. हॉलची पुढची तारीख थेट मे महिन्यात. म्हणाले, "नको तुझा हॉल. मी माझ्या दारात मांडव घालतंय."

आता कामोठ्याला जाऊन सांगायचं कोणी? मी, तुमचे बंधू आणि हरेश, तिघं निघालो. उद्यावर आलेली हळद आज पुढे ढकलायची, म्हणजे मुलीकडच्यांनी चपला मारल्या तरी खाऊन यायच्या, अशी तयारी करून गेलो होतो.

लिफ्टमधून बाहेर पडलो आणि मला वास आला. दारावर झेंडूचं तोरण होतं, भरगच्च, पण झेंडूच्या मागे हिरवं काहीतरी खुपसलेलं होतं. मी बोटाने तोरण बाजूला केलं. कडुनिंब!

दमयंतीबाईंनी दार उघडलं आणि माझं बोट तोरणात बघून त्या मटकन चपलांच्या स्टुलावर बसल्या. त्यांचा धाकटा मुलगा मनस्वीच्याच कॉलेजात आहे. तोही गॅदरिंगला नाचला होता. सहलीला मात्र बहिणीच्या लग्नाच्या कामासाठी थांबला. शुक्रवारी मनस्वीला देवी आली, शनिवारी त्याला. आठवडाभर त्यांच्याकडेही फोडणी बंद! पोरगा मागच्या खोलीत अंगाला चंदन लावून मोबाईल बघत होता.

"तुमी बोलाल पोरीचा पायगुन वाईट, म्हनून नाय सांगितलं," दमयंतीबाई रडत म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, आम्हीही त्याच भीतीने लपवलं! मग मनस्वीचं सगळं सांगितलं. काका कोपऱ्यात बसले होते, ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघा! मी बोललो होतो, यांच्याकडं पन कायतरी हाय. कावीळ निघाली असती तर आमीच दारात हात जोडून उभं राहिलो असतो, लगीन पुढं ढकला म्हनून. जावईबापूंचे डोलेच पांढरे निघाले, आमी तरी काय करनार!"

तेवढं हसू मला या वर्षात आलं नव्हतं. तुमचे बंधू तर भिंतीला टेकून हसत होते. मग आम्ही सगळे मिळून त्यांच्याकडची बिनफोडणीची आमटी प्यालो आणि तुमचं पत्र पाचव्यांदा वाचलं. दमयंतीबाईंनी कपाळाला लावलं ते.

आता हळद एक मार्चला, शनिवारी. दुसऱ्या दिवशी लग्न. हुस्नबानोला विचारून ठरवलं, चाँद दिसला तर रविवारपासून तिचे रोजे. ती म्हणाली, "हळदीला पोटभर खाऊन घेते, लग्नाला मगरीबनंतर, रोजा सोडून येते." डॉक्टर म्हणतात बुधवारपर्यंत मनस्वी विमानात बसेल.

डीजेला यांनी आधीच नाही सांगून टाकलंय. म्हणजे धवले कोण गाणार, हा प्रश्न आता तुमचा आहे. खालच्या दोन ओळी माझ्या नाहीत. मी पाणी आणायला उठले तेवढ्यात कोणीतरी पेन घेतलं.

मनिषा

*ताय, ये. गाडी पाटवतंय. किती पन वेळ गा. माईक लावायचा का नाय ते तूच सांग.*


मंगळवार, ४ मार्च

रंभाताई,

आता तुम्ही फोन उचलता, एवढंच नव्हे तर स्वतः करता, तरी हे पत्र लिहिते आहे. काल फोनवर तुम्ही मला जे विचारलंत त्याचं उत्तर मला देता आलं नाही, कारण मनस्वी शेजारीच बसली होती. शिवाय तुम्ही ओरडत होतात.

आधी बाकीचं. हळदीला मटण कमी पडलं नाही, उलट दोन टोप उरले. पंधरा दिवस उकडलेलं खाऊन तुमचे बंधू पंगतीत असे बसले होते की वाढपी घाबरला. आणि तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हा मला वाटलं होतं, आता रडारड होणार, पदर तयार ठेवला होता. तर तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून एकदमच म्हणालात, "किती जाड झालीस!" आणि "किती जाड झालास!" झालं तुमचं भांडण मिटून. मीच वेडी, पाच वर्षं काळजी करत बसले.

आता मुद्द्याचं. तुमचं म्हणणं असं, की तुम्ही मांडवातल्या हळदीच्या चौकापाशी बसून गावदेवी गायलात, कर्नाळ्याच्या डोंगरावरची देवी गायलात, खाडीतले, शेतातले, वेशीवरचे सगळे देव गाऊन झाले, सात पिढ्यांचे पूर्वज बोलावून झाले, आवाज बसायला आला, तरी करवलीचा पत्ता नाही. आणि शेवटी ती बाहेर आली ती तोंडाला हळद फासून! नवरा मुलगाही हळद लावूनच बाहेर आला. "पहिली हळद मांडवात लागते, धवलारनीच्या समोर. नेम कोनी मोडला?" असं तुम्ही विचारलंत.

सांगते. मोडला असेल तर दंड मला करा.

मनस्वी गुरुवारी आली तेव्हा ठीक होती. निंबाच्या पाण्याने न्हाली, गावदेवीला स्वतः दहीभात घेऊन गेली, व्हिएतनामच्या पेजेच्या गोष्टी सांगून सगळ्यांना हसवलं. खपल्या गेल्या होत्या पण डाग ताजे होते. कपाळावर, गालावर, हनुवटीखाली. डॉक्टर म्हणाले जातील हळूहळू. शनिवारी संध्याकाळी पिवळी साडी नेसून ती जिन्यात उभी होती, तेवढ्यात पाहुण्यांतली कोणीतरी बाई बोलून गेली, "अगो बाय, पोरीचं तोंड असं काय झालं? आता हिचं लगीन कसं व्हायचं?" वाईट हेतूने नसेल बोलली. पण मनस्वी वळली, खोलीत गेली आणि दार लोटून पलंगावर बसली.

मी गेले. सायमा गेली. तिने तिकडे रात्रंदिवस काढले होते हिच्यासोबत, तिचंही ऐकेना. "आई, बाहेर फोटोवाले आहेत, ड्रोन आहे, सगळं गाव आहे. तू दुसऱ्या कोणाच्या हातून लाव ना हळद." ताई, हिच्यासाठी मी लग्न पुढे ढकललं, हॉल सोडला, खोटं बोलले, अख्ख्या घराला उकडलेलं खाऊ घातलं. ती घरी पोचली, पिवळी साडीही नेसली, आणि हळद भिंतीपलीकडे असताना येत नाही म्हणते. मला राग येत होता आणि रडूही येत होतं, आणि बाहेर तुमचे देव संपत आले होते.

तेवढ्यात हरेश आत आला. पंचा नेसलेला, उघडा, हातात हळदीची वाटी. पाटावरून उठून आला होता, नवऱ्या मुलाने उठायचं नसतं तरी.

"काय गो? आत्यानं आता शेजारच्या गावातले देव पन बोलवाला घेतलेत. माझे पाय मेले पाटावर."

"मी नाय येत, दादा."

"का?"

"बघ ना माझं तोंड."

त्याने बघितलं. ताई, माझा मुलगा काही शहाणा नाही, तुम्हाला माहीत आहे. लहानपणापासून हिच्या वेण्या ओढत आलाय. मला वाटलं, आता काहीतरी वेडंवाकडं बोलेल आणि आगीत तेल पडेल. तर तो खाली फरशीवर बसला, तिच्या पायांशी, आणि गाल पुढे केला. "लाव. बाहेर नको तर इथं लाव. मला तुझ्याच हातची पायजे. त्यासाठी पंधरा दिवस न्हाणीतलं पानी प्यालोय मी."

तिने वाटीत हात घातला. रडतच होती. त्याच वेळी त्यानेही वाटीत बोट घातलं आणि तिच्या कपाळावरच्या डागावर टेकवलं. मग दुसऱ्या डागावर. मग गालावरच्या. एकेक करून सगळे, एकही न सोडता, बालवाडीतलं पोर चित्रात रंग भरतं तसं, जीभ बाहेर काढून. शेवटी दोन्ही तळवे भरून तिचं सगळं तोंड पिवळं केलं आणि म्हणाला, "आता सांग, डाग कुठला नि हळद कुठली?"

ती हसली. रडता रडता एवढ्या मोठ्याने हसली की सायमाने दार लावून घेतलं.

तेव्हा पहिली हळद कोणी कोणाला लावली, हे तुम्ही कितीदाही विचारलंत तरी मला सांगता यायचं नाही. मी दाराशी उभी होते. मला एवढंच दिसलं, की दोघांचे हात एकाच वाटीत होते.

तुमची,
मनिषा